जहाजाची कल्हई

आमच्या लहानपणीं वर्षांतून एक-दोनदां दारावर कल्हईवाल्याची हाळी ऐकूं आली कीं, घरांतील तांब्यापितळेचीं सारीं भांडीं अंगणांत जमा होत. तो जमिनींत खड्डा करून भाता जोडी, कोळसे फुलवी, भांडें तापवून त्यांत नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उसळे, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा तो असा झपाट्यानें फिरवी कीं, क्षणापूर्वीं काळवंडलेलें पातेलें चांदीसारखें झळकूं लागे. ही कल्हई म्हणजे केवळ शोभा नव्हे, हें ज्या भगिनींनीं पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक केला आहे त्यांस सांगावयास नको. कल्हई गेली कीं ताक कळकतें, आमटी कळकते, आणि अन्नाबरोबर विष पोटांत जातें. आमच्या मातोश्रींचे या बाबतींत दोन दंडक होते. कल्हईचें भांडें रिकामें चुलीवर ठेवूं नये, कारण आंच लागून कल्हई वितळते. आणि चिंचेचें वा ताकाचें कालवण त्यांत रात्रभर राहूं देऊं नये, कारण निवलेल्या भांड्यांतही आंबट पदार्थ तिला हळूहळू खातो. कल्हई एकच, पण तिचे वैरी दोन. एक तापल्यावर येणारा, दुसरा निवल्यावर. मातोश्रींचें हें शहाणपण समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांच्या यंत्रांनाही लागू पडतें, हें आम्हांस कळावयास मात्र साठी उलटावी लागली.

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. जहाजांच्या यंत्रांची देखभाल करण्यांत त्याची सारी उमेद गेली आहे. चहा झाल्यावर त्यानें रुमालांत गुंडाळलेली एक वस्तु खिशांतून काढून आमच्या हातावर ठेविली. बोटाएवढें, किंचित् बांक असलेलें आणि आकाराच्या मानानें बरेंच जड असें तें धातूचें पातें होतें. कोण्या जहाजाच्या यंत्रांतून बाद केलेलें. त्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खोल खळगे पडले होते. आम्ही सहज म्हणालों, “फार आंच लागून जळलेलें दिसतें रे हें.” तो हंसला. म्हणाला, “नाहीं गुरुजी. आंच आणखी लागली असती तर कदाचित् हें वांचलें असतें. हें कमी आंचेनें गेलें.”

आमचा मूळ विषय संस्कृत. परंतु शाळेंत शिक्षकांची वाण पडे तेव्हां खालच्या वर्गांना विज्ञानही आम्हीं शिकविलें आहे. आणि ‘उष्णता वाढली कीं रासायनिक क्रिया वाढते, उष्णता उतरली कीं ती मंदावते’ हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. तें वाक्य खोटें नव्हे. पण त्यावरून ‘आंच कमी केली म्हणजे वस्तु सुरक्षित राहिली’ असा जो अर्थ मुलांनीं घेतला, आणि आम्हीं घेऊं दिला, तो मात्र खोटा. त्या चुकीची दुरुस्ती आतां वर्गांत उभें राहून करणें शक्य नाहीं. म्हणून ती या पानांवर करीत आहोंत.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द. गॅस टर्बाइन या यंत्राची रचना तत्त्वतः सोपी आहे. पुढच्या भागांतील फिरत्या पात्यांच्या ओळी बाहेरची हवा आंत ओढून दाबतात. मधल्या भागांत त्या दाबलेल्या हवेंत तेल जळतें. आणि त्यापासून जो तप्त वायु प्रचंड वेगानें निघतो तो मागच्या पात्यांच्या ओळींवर आदळून त्यांस फिरवितो. या यंत्राच्या बळावर पहिलें विमान उडालें तें १९३९ सालीं जर्मनींत. समुद्रावर तें आलें १९४७ सालीं, जेव्हां ब्रिटिश नौदलाच्या एका लहान तोफनौकेवर त्याचा प्रयोग झाला. वाफेच्या यंत्राला बाष्पकांत वाफ धरेपर्यंत खोळंबून राहावें लागे. गॅस टर्बाइन कांहीं मिनिटांत पूर्ण शक्तीस पोहोंचतें, आणि तेवढ्याच शक्तीच्या इतर यंत्रांपेक्षां वजनानें फार हलकें असतें. युद्धनौकांस तें प्रिय झालें यांत नवल नाहीं. आपल्या मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ‘शिवालिक’ ही युद्धनौका २०१० सालीं नौदलांत दाखल झाली; तिच्यांत एल्‌एम्‌ २५०० या जातीचीं दोन गॅस टर्बाइनें आहेत. कोचीच्या गोदींत बांधलेल्या आणि २ सप्टेंबर २०२२ रोजीं सेवेंत रुजू झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेंत त्याच जातीचीं चार आहेत. म्हणजे हा विषय कोणा परक्याचा नव्हे. आपल्याच किनाऱ्यावरचीं मुलें या यंत्रांच्या भरंवशावर समुद्रांत जात असतात.

या यंत्रांत सर्वांत कठीण प्रसंग तेल जळतें त्या जागेच्या लगत मागें असलेल्या पहिल्या ओळीच्या पात्यांवर येतो. मिनिटास नऊ हजारांच्या घरांत फेरे घेत असतां त्यांच्या अंगावर हजार-बाराशें अंशांचा वायु आदळत असतो. (या लेखांतील सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.) पातें आंतून पोकळ ठेवून त्यांतून थंड हवा खेळवितात, म्हणून त्याची धातु स्वतः सातशें ते नऊशें अंशांच्या दरम्यान राहते. या आंचेंत साधें पोलाद मऊ पडतें. म्हणून निकेल किंवा कोबाल्ट यांत क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम इत्यादि मिसळून केलेल्या मिश्रधातूंचीं पातीं वापरतात. येथें एक पेंच आहे. मिश्रधातूचें गंजापासून रक्षण करण्यांत क्रोमियमचा मोठा वांटा असतो. १९४० नंतरच्या दशकांतील ‘निमोनिक ८०’ या मिश्रधातूंत तें शेंकडा सुमारें २० भाग होतें. परंतु अधिकाधिक आंचेंत पातें ताठ राहावें म्हणून अ‍ॅल्युमिनियम व टायटॅनियम यांचें प्रमाण वाढवावें लागलें, आणि क्रोमियम उतरत उतरत कांहीं मिश्रधातूंत १० भागांच्याही खालीं आलें. पातें बळकट झालें, पण त्याची कातडी नाजूक झाली. बळ आंतल्या धातूनें द्यावें आणि रक्षण वरच्या लेपानें करावें, अशी कामाची वांटणी तेव्हांपासून पडली. जहाजाची कल्हई ती हीच.

आतां शत्रु कोण तें पाहूं. वर सांगितलेल्या जातीचें एक यंत्र पूर्ण शक्तीनें चालतांना दर सेकंदास सुमारें ७० किलोग्रॅम हवा ओढतें. म्हणजे तासाला सुमारें अडीच लाख किलोग्रॅम. समुद्रावरच्या हवेंत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार नेहमींच असतात. उत्तम गाळण्या लावून हवेंतील मीठ दहा कोटी भागांत एक भाग इतकें खालीं आणलें, असें धरूं. तरीही हिशेबानें तासाला अडीच ग्रॅम, आणि चोवीस तासांत साठ ग्रॅम, म्हणजे चांगलें मूठभर मीठ त्या यंत्राच्या पोटांत जातें. इकडे तेलांत गंधकाचा अंश असतो. तो जळून त्याचे तीक्ष्ण वायु होतात. मीठ आणि हे वायु एकत्र आले कीं सोडियम सल्फेट नांवाचा क्षार तयार होतो आणि पात्यांच्या अंगावर पातळ थरानें बसतो. मीठ एकटें फारसें कांहीं करतें ना, गंधक एकटा फारसें कांहीं करता ना. पण दोघांची संगत जुळली कीं त्यांतून तिसराच दुष्ट जन्मास येतो.

त्या लेपाची रक्षणाची रीत मोठी मनोहर आहे. लेप स्वतः ढाल होत नाहीं. तो ढाल तयार करतो. त्यांतील अ‍ॅल्युमिनियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन वर एक अत्यंत पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा. साय मोडली तर दुधावर पुन्हा धरते. तद्वत् हा पापुद्रा तडकला कीं खालचें अ‍ॅल्युमिनियम वर येऊन ती भेग भरून काढतें. लेपांत अ‍ॅल्युमिनियमचा सांठा आहे तोंवर ही डागडुजी चालूं राहते. सांठा सरला कीं लेप संपला.

पहिला रोग नऊशें अंशांच्या आसपासचा. सोडियम सल्फेट ८८४ अंशांस वितळतें. घन असतां तें पापुद्र्यावर नुसतें बसून असतें; वितळलें कीं पापुद्र्यास विरघळवूं लागतें. सोनाराच्या दुकानांत बसलेल्यांनीं पाहिलें असेल कीं, दोन तुकडे जोडण्यापूर्वीं तो सांध्यावर टांकणखार घालतो. टांकणखार वितळून धातूवरील मळ आपल्यांत ओढून घेतो आणि खालची धातु उघडी पडते. सोनाराला हवें तेंच येथें नको असतें! वितळलेलें सल्फेट टांकणखाराचें काम करून पात्याची ढाल उतरवितें, आणि मग गंधक आंत शिरून क्रोमियमलाच गिळूं लागतो. गोबेल आणि पेटिट या दोघां अमेरिकन संशोधकांनीं या विरघळण्याची मीमांसा १९७० सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढील विचारास तिचा पाया झाला. हा रोग कळण्यास सोपा. कारण जास्त आंच, जास्त नाश, हें आपल्या मनाच्या घडणीशीं जुळतें.

दुसरा रोग तसा नव्हे. अमेरिकेंत १९६७ सालीं ‘अ‍ॅडमिरल विल्यम एम्. कॅलहॅन’ नांवाचें एक मालवाहू जहाज बांधण्यांत आलें. तें सर्वस्वीं गॅस टर्बाइनवर चालणारें होतें. पुढें एल्‌एम्‌ २५०० हें यंत्र प्रत्यक्ष समुद्रावर पारखून पाहण्यासाठीं याच जहाजावर बसविण्यांत आलें. १९७३ नंतरचे ते दिवस तेलाच्या महागाईचे. यंत्र पूर्ण शक्तीनें न चालवितां बेतानें चालवावें, पात्यांना आंच कमी लागावी, हें कोणासही हिताचेंच वाटेल. परंतु असें बेतानें चाललेलें यंत्र उघडून पाहतां पहिल्या ओळीच्या पात्यांवर खळगेच खळगे आढळले. ज्या कोबाल्ट-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या लेपाची अधिक आंचेंतील कामगिरी उत्तम होती, तोच सुमारें सातशें अंशांस, सोडियम सल्फेट वितळण्याच्या कितीतरी आधीं, जागोजाग पोखरला गेला होता. काटकसर केली, आणि घर लुटलें गेलें!

हें झालें कसें? याचें उत्तर दोन साध्या गोष्टींत आहे. पहिली गोष्ट डाख देणाऱ्यास ठाऊक असते. कथील २३२ अंशांस वितळतें, शिसें ३२७ अंशांस. पण दोन्ही योग्य प्रमाणांत मिसळलीं तर तें मिश्रण १८३ अंशांसच पातळ होतें. दोन घन पदार्थांची जोडी एकेकट्यापेक्षां लवकर वितळते, असा हा न्याय. दुसरी गोष्ट गंधकाची. गंधकाच्या जळण्यापासून जे वायु होतात त्यांपैकीं अधिक प्राणवायु असलेला जो तीक्ष्ण वायु, सल्फर ट्रायॉक्साइड, तो कमी आंचेंत अधिक प्रमाणांत टिकतो. आंच वाढली कीं त्याचें विघटन होतें. सातशें अंशांच्या सुमारास हा वायु लेपांतील कोबाल्टशीं मिळून कोबाल्ट सल्फेट करतो, आणि त्याची व सोडियम सल्फेटची जोडी जमली कीं ती ५६५ अंशांसच वितळूं शकते. निकेलची अशी जोडी ६७१ अंशांस वितळते; म्हणून या आंचेंत कोबाल्टचे लेप निकेलच्या लेपांपेक्षां अधिक बळी पडतात. के. एल. लुथ्रा यांनीं कोबाल्टच्या मिश्रधातूंत ही क्रिया कशी घडते याचा उलगडा १९८२ सालीं केला. लक्षांत घ्यावयाचें तें असें कीं, येथें शत्रूला वाट करून देणारा कोबाल्ट हा रक्षणासाठींच नेमलेल्या लेपाचा घटक आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात तें हेंच. त्यांतच कमी आंचेमुळें अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा धरावयासही उशीर लागतो. ढाल हातीं येण्यापूर्वींच घाव बसतो.

आमच्या विद्यार्थ्यानें कागदाच्या पाठीवर एक रेघ काढून दाखविली. आंच वाढवीत गेलें तर नाश सातशेंच्या आसपास एक टेंकडी चढतो, आठशेंच्या सुमारास उतरतो, नऊशेंच्या सुमारास दुसरी टेंकडी चढतो, आणि त्यापुढें हजाराकडे जातां क्षार पात्यावर टिकत नाहीं म्हणून पुन्हा उतरतो. हजारापलीकडे हवेनेंच जळण्याचें निराळें भय आहे, तो भाग वेगळा. फळ्यावर आम्हीं काढलेली रेघ मात्र सरळ वर चढत जाणारी होती. आम्हीं नियम शिकविला. पण तापमान बदललें कीं क्रिया करणारा पदार्थच बदलूं शकतो, हें शिकविलें नाहीं. विमानाचें यंत्र उंच आकाशांत एका ठराविक आंचेंत तासन्‌तास चालतें. युद्धनौका बहुतेक काळ मंद गतीनें पहारा करते, आणि प्रसंग आला कीं एकदम पूर्ण वेगानें धांवते. म्हणजे तिच्या पात्यांस दोन्ही टेंकड्यांवरून जा-ये करावी लागते. अशा वेळीं एखादें पातें तुटलें तर तुकडा मागच्या ओळींत शिरून क्षणांत सारें यंत्र निकामी करूं शकतो. आणि भर समुद्रांत, वादळांत वा युद्धांत, शक्ति गेलेल्या जहाजावरील माणसांनीं कोणाकडे पाहावें?

उपाय कोणते? निदानाशिवाय चिकित्सा नाहीं, असें आपलें आयुर्वेद सांगतें. येथें निदान दोन झालीं, तेव्हां चिकित्साही दोन. लेप चढविण्याची जुनी रीत अशी: पातीं एका पेटींत अ‍ॅल्युमिनियमयुक्त पूड, एक निष्क्रिय पूड आणि नवसागर यांच्या मिश्रणांत पुरून, बाहेरची हवा लागूं न देतां, कित्येक तास प्रखर आंचेंत ठेवितात. नवसागरापासून निघणारे वायु अ‍ॅल्युमिनियमला उचलून पात्याच्या अंगाशीं नेतात आणि तेथें तें मुरतें. लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आंतच असते. आमच्या अंगणांतील कल्हईवाल्याचा नवसागर येथें पुन्हा भेटावा याचें आम्हांस कौतुक वाटलें. रसशास्त्राच्या ग्रंथांत ‘नवसार’ या नांवानें साधारण रसांत गणलेला पदार्थ तो हाच. दुसरी रीत नवी: निकेल किंवा कोबाल्ट, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि चिमूटभर यिट्रियम यांचा लेप निर्वात पेटींत वाफेच्या रूपानें, अथवा अतितप्त झोतांतून फवारून, पात्यावर बसवितात. यिट्रियमची चिमूट वरचा पापुद्रा लेपास घट्ट धरून ठेवते. कणकेंत मोहन घालावें तितकेंच तिचें प्रमाण, पण तेवढ्यानें सारा पोत पालटतो.

नऊशें अंशांच्या रोगावर अ‍ॅल्युमिनियम हें मुख्य औषध, आणि त्याच्या जोडीला प्लॅटिनम दिलें तर गुण अधिक. सातशें अंशांच्या रोगावर क्रोमियम लागतें. कारण क्रोमियमचा पापुद्रा त्या आंचेंतही लवकर धरतो आणि त्या आम्ल रसांत सहसा विरघळत नाहीं. मग दोन्ही भरपूर कां घालूं नयेत? कारण फार झालें तर लेप ठिसूळ होऊन तडकतो. आणि क्रोमियमचा पापुद्रा हजार अंशांच्या आसपास वाफ होऊन उडूं लागतो. म्हणून कोणत्या जहाजाचें यंत्र कोणत्या आंचेंत किती काळ राहणार, याचा हिशेब आधीं करून मग लेप निवडावा लागतो. सर्व जहाजांना एकच उत्तम लेप नाहीं.

लेपाखेरीज साधी स्वच्छता आहे, आणि तिचें महत्त्व लेपाहून कमी नाहीं. हवा आंत शिरण्यापूर्वीं तुषार अडविणाऱ्या गाळण्या. आणि हवा दाबणाऱ्या पात्यांना गोड्या पाण्यानें वेळोवेळीं स्नान, म्हणजे तेथें सांचलेलें मीठ पुढें तप्त भागांत जात नाहीं. इंधनांतील गंधकही कमी करण्यांत येत आहे. आंतरराष्ट्रीय नियमानें व्यापारी जहाजांच्या तेलांतील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून शेंकडा ३·५ वरून ०·५ वर आणली गेली. ती मुख्यतः हवेच्या शुद्धतेसाठीं, पण यंत्रांसही ती उपकारकच. तरी येथेंही सावध असावें. समुद्राच्या क्षारांत सल्फेटाचा भाग मुळांतच शेंकडा सुमारें ८ असतो. तेव्हां तेल कितीही शुद्ध केलें तरी समुद्र आपला वांटा घेऊन दारांत उभा राहणारच.

विद्यार्थी जातांना तें पातें आमच्यापाशीं ठेवून गेला. आम्हीं तें पुस्तकांच्या कपाटांत, जुन्या हजेरीपटाशेजारीं ठेविलें आहे. त्या पटांतील मुलें आतां चाळिशी-पन्नाशीचीं असतील. कित्येकांनीं आमच्या शब्दावर विसंबून तें सरळ वाक्य आपल्या मुलांनाही सांगितलें असेल. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक गेला तर त्यांनीं त्या वाक्याखालीं एवढी ओळ जोडावी: आंच उतरली म्हणजे भय टळलें असें नव्हे; कित्येकदां भयाचें रूप तेवढें बदलतें, आणि जें रूप आपण ओळखीत नाहीं तेंच अधिक घातक असतें. आमच्या मातोश्रींनीं हें कोणत्याही शाळेंत न जातां जाणलें होतें. रिकामें भांडें चुलीवर ठेवूं नका, असें म्हणून त्या थांबल्या नाहींत. निवलेल्या भांड्यांत आंबट ठेवूं नका, हेंही त्यांनीं सांगितलें. आम्हीं मात्र त्यांचा पहिला दंडक तेवढा शास्त्र म्हणून फळ्यावर लिहिला, आणि दुसरा स्वयंपाकघरांतली गोष्ट म्हणून सोडून दिला.